पोटातली हवालदारीण

“तीन चमचे झाले,” ताई म्हणाली. “बस्स आता.”

मावशीनं चौथा चमचा सूपच्या वाटीत तसाच सोडून दिला. ताईनं सांगायची काही गरज नव्हती. तिसरा चमचा उतरला, की छातीखाली कुणीतरी गपकन मूठ आवळायचं. दुकान बंद!

ती सगळ्या शाळेची मावशी. कॅन्टीन तीच चालवायची. दीडेक महिन्यापूर्वी तिचं ऑपरेशन झालं होतं. जठराच्या वरच्या टोकाला एक रिंग बसवली होती. रिंगेला बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला बटणाएवढी डबी, पोटाच्या कातडीखाली. डबीत सुईनं मिठाचं पाणी भरलं, की रिंग घट्ट. काढलं, की सैल. सायकलच्या ट्यूबसारखं.

हे सगळं डॉक्टरांनी ताईला समजावलं होतं, कारण मावशी तेव्हा गुंगीत होती. मग ताईनं मावशीला समजावलं. धाकटीच्या वतीनं ऐकून घ्यायचं काम ताई लहानपणापासूनच करत आली होती. वर्गात बाई मावशीला रागवायच्या, तेव्हा मान खाली ताईच घालायची.

“चांगली आवळून बसवलीय,” ताईनं सांगितलं होतं. “एक घास जास्त खाल्लास, तर तिथंच अडकेल. मग बस बोंबलत.”

मावशीनं रिंगेचं नाव ठेवलं हवालदारीण.

हवालदारीण कामाला पक्की निघाली. आजवर मावशीनं काय काय करून पाहिलं नव्हतं! नुसत्या काकड्या. नुसती उकडलेली अंडी. रोज सकाळी गरम पाणी. दर सोमवारी नवा निश्चय, आणि दर बुधवारी त्याचा निकाल. आता मात्र सोमवारामागून सोमवार गेले आणि बुधवार काही उजाडेना. कपडे अंगावर लोंबायला लागले. जिना चढताना धाप लागेना.

पण चैन म्हणून पडत नव्हतं.

पूर्वी कॅन्टीनमध्ये हात चालायचे तसं तोंडही चालायचं. केक कापला, की कडा तिच्या. बटाटे तळले, की करपलेले तिचे, आणि न करपलेलेही दोन-चार. आता हातांना कळेना, मधल्या वेळात काय करायचं. ती पुसलेलं टेबल पुन्हा पुसायची. मिठाच्या बाटल्या ओळीत लावायची, मोडायची, पुन्हा लावायची. बसली तर उठावंसं वाटे, उठली तर कशाला उठले ते आठवेना.

एकदा न राहवून तिनं केकची कड उचलली आणि तोंडात टाकली. गिळायला गेली, तर मूठ आवळली. पळत बेसिनपाशी जाऊन तिनं घास थुंकून टाकला. कपाळावर घाम. मागे पीटीच्या बाई उभ्या.

“मावशी, काय बारीक झालात हो! कसं जमवलंत?”

“मी कुठली जमवतेय. रिंग बसवलीय ना आत.”

सगळ्यांना ती हेच सांगायची, आणि दरवेळी आत काहीतरी टोचायचं. शेजारच्या मुलीच्या पेपरात बघून मिळवलेल्या मार्कांबद्दल टाळ्या पडाव्यात, तसं काहीतरी.

तपासणीच्या दिवशी ती ताईबरोबर डॉक्टरांच्या दारात बसली होती. बसली कसली, खुर्ची बदलत होती.

“ताई, मी आज त्यांना रिंग सैल करायला सांगणारेय.”

ताई मोबाइलमध्ये बघत होती. तिचा अंगठा थांबला.

“काय करायला?”

“सैल. थोडे दिवस.”

“डोकं फिरलंय का तुझं? इतकं छान चाललंय, आणि हे काय मध्येच खूळ! बुधवार विसरलीस वाटतं?”

मावशीला ते लागलं. पण आज ती मागे हटणार नव्हती.

“मला एकदा बघायचंय. मी थांबते, का ती मला थांबवते?”

“काय फरक पडतो? थांबतेस ना? झालं तर मग.”

“मला पडतो, ताई. आयुष्यभर सगळे म्हणाले, हिच्यानं काही व्हायचं नाही. तूसुद्धा म्हणालीस. आता ती हवालदारीण आत आहे म्हणून मी शहाणी. ती सुटीवर गेली तर मी कोण, ते मला कळायला नको?”

ताईनं मावशीच्या खांद्यावरचा नसलेला धागा काढला.

“ऐक माझं. आत गेल्यावर तू गप्प राहा. मी बोलते डॉक्टरांशी.”

“तू बाहेर बस. मी एकटी जाते.”

“मी येणार,” ताई म्हणाली आणि नाव पुकारायच्या आधीच उठून उभी राहिली.

डॉक्टरबाईंनी मावशीला वजनकाट्यावर उभं केलं. आकडा बघितला. खाली उतरवून पुन्हा उभं केलं.

“कमाल आहे!” त्या म्हणाल्या. “झोपा इथं.”

मावशी आडवी झाली. डॉक्टरबाईंची बोटं कातडीखालची डबी चाचपू लागली. बाजूच्या ट्रेमध्ये पाण्यानं भरलेली सिरिंज तयार होती. म्हणजे आणखी आवळणार! मावशीनं डॉक्टरबाईंचं मनगटच धरलं.

“डॉक्टर, आज भरू नका. उलट आहे ते काढा. एकदाच सैल करा, मी हात जोडते. मला बघायचंय, माझं मला जमतं का.”

“डॉक्टर, तिचं काही ऐकू नका,” ताई घाईघाईनं म्हणाली. “तुम्ही द्या सुई.”

बोटं डबीवरच थांबली. डॉक्टरबाईंनी आधी मावशीकडे बघितलं, मग ताईकडे. ताई भिंतीवरचं जठराचं चित्र असं निरखत होती, जणू उद्या तिचा त्यावरच पेपर होता.

“काढा म्हणजे काय काढू?” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुमच्या ताईंना मी तेव्हाच सांगितलं होतं की. जखम भरेपर्यंत आम्ही रिंग रिकामीच ठेवतो. तिच्यात पहिल्यांदा पाणी भरायचं, ते आज.”