हेर मागे फिरला

पुलाखाली बॉम्ब. चार मिनिटं शिल्लक. हेर जिना उतरतो, तीन-तीन पायऱ्या एकदम. दार. गाडी. गाडी सुरू.

गाडी बंद.

हेर उतरतो, जिना चढतो, स्वयंपाकघरात जातो, गॅसचं बटण बघतो. बंद आहे. पुन्हा खाली. अर्ध्या जिन्यात थांबतो. पुन्हा वर.

"थांबवा," कादंबरीकार म्हणाले.

संकलकानं बटण दाबलं. पडद्यावर हेराचा एक पाय हवेतच राहिला.

खोली लहान. दोन पडदे, दोन खुर्च्या आणि मागे एक सोफा. सोफ्यावर कादंबरीकारांची बायको परक्या घरी आल्यासारखी कडेला बसली होती. दिग्दर्शिका भिंतीला टेकून उभी. तिनं या हेराच्या सत्तावीसच्या सत्तावीस कादंबऱ्या शाळेत असल्यापासून वाचल्या होत्या आणि त्यांच्यावरून हा विनोदी सिनेमा केला होता. सिनेमाच्या सुरुवातीची नावं आज पाच वाजता पक्की व्हायची होती. करारात एक कलम होतं: सिनेमा पसंत पडला नाही, तर लेखकानं त्याआधी आपलं नाव काढून घ्यावं.

"काढा माझं नाव."

"सर, शेवट तरी बघा."

"काय बघू? माझा हेर बर्फात सहा दिवस उपाशी राहिला. नखं उपटली त्याची, तोंडातून शब्द काढला नाही. त्याला तुम्ही गॅस बघायला पाठवता? हे खूळ काढलंत कुठून?"

"पुस्तकातून."

"कुणाच्या?"

"तुमच्याच, सर."

तिनं अकरावी कादंबरी पुढे केली. पाठीला चिकटपट्टी, कोपरे दुमडलेले. पान एकशे बारा. कादंबरीकारांनी पुस्तक हातभर लांब धरून वाचलं:

गोळी कानाजवळून गेली.
त्यानं खिडकीचा गज वाकवला.
निघताना आठवणीनं गॅस बंद केला.
आणि चौथ्या मजल्यावरून खाली झेपावला.

चार वाक्यं. त्यांतली तीन त्यांना तोंडपाठ होती.

"सगळीकडे आहे," दिग्दर्शिका म्हणाली. "पाचव्यात शत्रूच्या अड्ड्यातून पळताना तो दिवे मालवतो. नवव्यात मागे कुत्री लागलेली असतात, आणि हा वाळत घातलेले कपडे आत घेतो, कारण आभाळ भरून आलंय. आम्ही मैत्रिणी या जागा शोधून ठेवायचो. मला वाटलं, हीच तुमची खरी गंमत. चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता केलेली."

संकलक खाली वाकून कसलीशी वायर तपासू लागला.

कादंबरीकारांची पद्धत ठरलेली होती. ते पेन्सिलीनं लिहीत. बायको शाईनं स्वच्छ प्रत काढी. ती प्रत छापायला जाई. छापून आलेलं पुस्तक ते कधी उघडत नसत. वाढलेलं ताट आचाऱ्यानं पुन्हा चाखू नये, असं ते मुलाखतींत सांगत, आणि लोक टाळ्या वाजवत.

ते सोफ्याकडे वळले.

"अगं."

"काय?"

"हे तू घातलंस?"

"अहो, तुमचा माणूस पान एकशे नऊवर दूध तापत ठेवतो," बायको म्हणाली. "आणि एकशे बारावर खिडकीतून उडी. दूध कोण बघणार? मला चैन पडेना."

"मग मला सांगायचं!"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तुला साहसातलं काय कळतं. म्हटलं, साहसातलं नाही कळत, दुधातलं कळतं. आणि घातलं."

"सत्तावीसही पुस्तकांत?"

"छे. पहिल्या दोनांत नाही. तेव्हा मी भ्यायचे तुम्हाला."

वायर चाचपणाऱ्या संकलकाचं कोपर लागलं आणि चित्र पुन्हा सुरू झालं.

हवेतला पाय पायरीवर. हेर वर जातो. बटण बघतो. बंद आहे. वाकून, डोळा लावून, पुन्हा बघतो. बंदच आहे. पुलाखाली दोन मिनिटं.

बायको हसली. आधी पदराआड, मग पोट धरून, मग डोळे पुसत. "अगदी अस्सं! अगदी अस्संच करेल तो!"

कादंबरीकार पडद्याकडे बघत नव्हते. आपल्या कुठल्याही पुस्तकावर तिला हसताना त्यांनी पाहिलं नव्हतं. हसावं असं त्यांनी काही लिहिलंच नव्हतं.

"सर, पाचला दहा कमी आहेत," दिग्दर्शिका हळूच म्हणाली. "नावाचं?"

"राहू द्या." मग घसा साफ करून, "शेजारी हिचंही टाका."

"माझं मुळीच नको," बायको म्हणाली. "लोक विचारतील, एवढी अक्कल होती तर बाईंनी स्वतःच का नाही लिहिलं."

संकलकानं दिग्दर्शिकेकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यानं दोन्ही नावं एका ओळीत टाइप केली.

कादंबरीकारांनी पुस्तक परत दिलं नाही. ते उभ्या उभ्याच पानं उलटत होते. मध्येच थांबत, भुवया वर जात, पुन्हा उलटत. शेवटच्या पानावर आले आणि तिथंच राहिले. तिथलं शेवटचं वाक्य त्यांच्या प्रत्येक सत्कारात कुणीतरी म्हणून दाखवत असे. मानपत्रावर ते कोरलेलं होतं.

ज्याची कुणी वाट बघत नाही, तो माणूस पकडला जात नाही. तो नुसता हरवतो.

त्यांनी त्या ओळीखाली बोट ठेवलं आणि पुस्तक बायकोपुढे धरलं. विचारायचं होतं.

"ते तुमचंच," बायको लगेच म्हणाली. वाचायचा चष्मा न लावताच.