फेब्रुवारीतल्या चार रात्री

हेल्मीने स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा लॅपटॉप वडिलांकडे वळवला आणि म्हणाली, "आता यातलं तूच निवड, बाबा."

उला गेल्याच महिन्यात निवृत्त झाला होता. एकतीस वर्षं त्याने इथे दक्षिणेत, वान्ता शहराच्या रस्त्यांवर बस चालवली होती. त्याबद्दल मुलगी त्याला उत्तरेला नेऊन ध्रुवप्रकाश दाखवणार होती. फेब्रुवारीतल्या चार रात्री, काचेच्या छताच्या झोपडीत, पडल्या पडल्या आभाळ बघत. प्रकाश दिसू लागला की फोन आपोआप वाजून जागं करील, अशीही सोय तिने शोधून ठेवली होती. उला मूळचा तिकडचाच, इनारी सरोवराच्या काठचा. पण तिकडे आता आपलं कुणी उरलेलं नाही, असं तो तिला लहानपणापासून सांगत आला होता. त्यामुळे तिला सगळं परक्यासारखं शोधावं लागत होतं.

"तुम्ही तिकडची माणसं तर तेव्हा रोज बघत असाल," ती म्हणाली.

"लाकडं आणायला बाहेर पडलो की असायचा वर. मान वर करायला वेळ कुणाला होता?"

बाहेर डिसेंबरातला पाऊस पडत होता. उलाने चष्मा लावला. पहिली दोन ठिकाणं त्याने नुसतीच पुढे सरकवली. तिसऱ्या फोटोवर त्याचं बोट थांबलं. सरोवराच्या गोठलेल्या काठावर काचेच्या तीन नव्याकोऱ्या झोपड्या. त्यांच्यामागे एका अंगाला वाकलेला पाइन. आणि फोटोच्या कडेला, अर्धं कापलं गेलेलं एक लाल लाकडी घर, माडीची खिडकी तेवढी दिसत असलेलं. खाली यजमानाचं नाव होतं, पिएरा. त्याच्या फोटोच्या जागी कुत्रा.

पिएरा म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. आईला पुरून आल्यावर याच लाल घरात उला म्हणाला होता की आता हे विकून टाकू. पिएराने उलाच्या पुढ्यातला कॉफीचा कप उचलला आणि बेसिनमध्ये ओतला. त्यानंतर दोघं बोलले नव्हते, त्याला बावीस वर्षं झाली होती.

"हे नको," उला म्हणाला. "तिथे वारा फार."

"तुला काय माहीत?"

"झाड बघ की कसं वाकलंय."

हेल्मी हसली. सगळ्यांत छान तर हेच आहे, असं म्हणून ती यजमानाला लिहायलाही लागली. माणसं दोन, बाप आणि लेक. फेब्रुवारीतल्या रात्री चार. जेवण मिळेल का, कुत्र्यांच्या घसरगाडीतून फिरवता का. लिहून झाल्यावर तिने मोठ्याने वाचून दाखवलं. उलाचं लक्ष फोटोतल्या खिडकीकडे होतं. पडदे नवे दिसत होते.

ती पाठवणार, तेवढ्यात तो म्हणाला, "थांब. त्याला आणखी एक विचार."

"काय?"

"म्हातारीच्या दगडापलीकडे अजून बर्फाखाली जाळं लावतोस का."

"लावता का," हेल्मीने सुधारलं. "अनोळखी माणूस आहे, बाबा. आणि हा कसला दगड?"

"लिही तू. त्याला कळेल."

तिने लिहिलं, पण 'लावता का' असंच लिहिलं, आणि पाठवून दिलं.

निरोप वाचल्याची खूण लगेच आली. मग पलीकडे कुणीतरी लिहीत असल्याचे तीन ठिपके हलू लागले. थांबले. पुन्हा हलले. हेल्मीने कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापला. एवढा वेळ लावतोय म्हणजे म्हातारा दिसतोय, एका बोटाने लिहीत असेल, असं ती म्हणाली. उलाने पावाचा तुकडा उचलला होता, तो तसाच त्याच्या हातात राहिला. ठिपके पुन्हा थांबले.

वीस मिनिटांनी उत्तर आलं. हेल्मीने वाचलं.

"लावतो. एकट्याने ओढायला जड जातं. त्या तारखांना झोपड्या मोकळ्या नाहीत. माडीवरची खोली आहे."

"खोटं बोलतोय," ती म्हणाली. "इथे तर तिन्ही मोकळ्या दाखवतंय. जाऊ दे, आपण दुसरं बघू."

उलाने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. उत्तर एकदा वाचलं, मग एकेका शब्दाखाली बोट धरून पुन्हा वाचलं.

"खोली घे," तो म्हणाला.

"आणि झोपून बघायचं कसं? छताला काच नसणार तिथे."

"खिडकी उत्तरेला आहे."

हेल्मी त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस कोण आहे, असं तिने हळूच विचारलं, आणि त्याने सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं, त्याहून जास्त त्याला जमलं नाही. कपाच्या गोष्टीशी तो अडला आणि खिडकीबाहेर बघू लागला. मग तिने कॅलेंडर उघडलं आणि त्याच चार रात्रींवर बोट ठेवलं.

"मग फेब्रुवारी पक्का करू?"

"आत्ता नाही का जाता येणार?"

तिने त्याला समजावून सांगितलं. या दिवसांत तिकडे आभाळ गच्च भरलेलं असतं, ढगांशिवाय काही नाही. लोकांनी तसं लिहूनच ठेवलंय. आठवडाभर थांबूनही काही न दिसता परत येतात माणसं. म्हणून तर तिने फेब्रुवारी निवडला होता.

"नाही दिसला तरी चालेल," उला म्हणाला.