पाटातली कानटोपी

१९७१ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावर, डोंगरात माझा धाकटा भाऊ सेल्सो दोन पाहुण्यांना पाटाकाठून धबधब्याकडे नेत होता. मी जेवणाची टोपली घेऊन मागून चालले होते.

समोरून पाण्यात एक कानटोपी वाहत आली. आईने लाल लोकरीने रफू केलेली, सेल्सोचीच. पण त्याची तर त्याच्या डोक्यावर होती, तसंच लाल रफू असलेली.

“सेल्सो, मागे फिर!”

“टोपीला घाबरतेस, ताई? थांबा सगळे, मी पुढे बघून येतो.”

तो वळणाआड गेला आणि हसत परतला. डोक्यावरच्या टोपीला रफू नव्हतं.

पाहुणे सुखरूप मायदेशी गेले. सेल्सोने लग्न केलं, सत्तरी गाठली. आई मात्र मरेपर्यंत रोज संध्याकाळी दारात उभी राहून पाटाच्या दिशेने त्याला हाका मारायची. तो तिच्या मागे, घरातच बसलेला असायचा.