खिळ्याखालचा कोपरा

वाल्मीक बैठकीत गुडघ्यांवर रांगत होता आणि त्याची माय भागाबाई दारात उभी राहून पदराआड हसत होती. सबवूफरचा जड खोका त्यानं सोफ्यावर बसवला होता, पाहुणा बसवावा तसा. बेसची, म्हणजे खालच्या जड आवाजाची, जागा शोधायची रीतच अशी उलटी. खोका आपण बसतो तिथं ठेवायचा, टेप लावायची आणि आपण भिंतीच्या कडेकडेनं रांगत कान द्यायचा. जिथं ढोलकीचा ठोका भरीव लागेल, ती खोक्याची जागा.

"नोकरी लागल्यावर रांगाले शिकून राह्यला का रे?" भागाबाई म्हणाल्या.

वाल्मीक खिडकीखाली थांबला. पुढे गेला, मागे आला, पुन्हा खिडकीखालीच थांबला. तिथं ठोका थेट छातीत उतरत होता. शंकेला जागाच नव्हती. मग तो उठला, गुडघे झटकले आणि भलतंच बोलला.

"माय, आवाज समोरच्या कोपऱ्यात चांगला येतो. पण तिथली भिंत हादरते. वरचा फोटो काढावा लागेल."

समोरच्या कोपऱ्यात बुद्ध आणि बाबासाहेब एकाच चौकटीत होते. दीपनगरला वीजकेंद्राचं क्वार्टर मिळालं त्या दिवशी भागाबाईंनी सामान सोडायच्या आधी तिथं खिळा ठोकून घेतला होता. रोज सकाळी त्या काच पुसत, मेणबत्ती लावत, मगच चहाचं आधण ठेवत.

आता खरं काय ते सांगून टाकतो. शनिवारी भंगाळे साहेब येणार होते. साहेब वाल्मीकचे वरिष्ठ, गाण्याचे वेडे. "तुमचा सेट ऐकायला येतो," असं स्वतःहून म्हणाले होते. वाल्मीकचं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून कुणाला काही कळत नसे, आणि कळू नये याची तो काळजी घेई. इथं त्याला कुणी वावगा शब्द बोललं नव्हतं, साहेब तर नाहीच. पण जळगावला शिकताना भाड्यानं खोली घेतली होती, तेव्हा घरमालकिणीनं हाच फोटो पाहिला आणि "पेटीत ठेवा, शेजारी विचारतात," म्हणाली. भागाबाईंनी त्याच दुपारी गाठोडं बांधलं. "फोटो नाही हालायचा बाई, आम्हीच जातो," म्हणून त्या ताठ मानेनं जिना उतरल्या. मागून वाल्मीक खाली मान घालून. पुढे तो इंजिनियर झाला, पगार आला, सबवूफर आला. मान काही वर आली नाही.

त्याच भागाबाई आज वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी एकदा खिडकीकडं पाहिलं, एकदा लेकाकडं.

"खरंच त. बाबासाहेबाले हादरे कायले," म्हणत त्यांनी चौकट उतरवली आणि पदरात धरून आत नेली.

वाल्मीकला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच स्वतःची शिसारी आली. भिंतीवर पांढरा चौकोन उरला होता. वीजकेंद्राच्या चिमणीच्या राखेनं सगळी भिंत करडी झाली होती, फोटोमागची तेवढी कोरी राहिली होती. त्यानं कोपऱ्यात खोका ठेवला, खोक्यावर टेपचा डेक आणि डेकवर कॅसेटचं छोटं कपाट रचून तो चौकोन झाकून टाकला.

शनिवारी साहेब आले. एक गाणं ऐकलं, दुसरं ऐकलं, आणि कपाळाला आठी पडली.

"सेट झकास आहे हो. पण खोका चुकीच्या जागी बसलाय. नुसतं घुमतंय. रांगून पाहिलं नाही का?"

"पाहिलं ना, साहेब."

"मग कान दाखवून या एकदा डॉक्टरला."

हसत हसत साहेबांनी स्वतःच कपाट खाली काढलं, डेक बाजूला सरकवला, खोका सोफ्यावर चढवला आणि पँट वर ओढून गुडघ्यांवर आले. एवढा मोठा साहेब आपल्या घरात रांगतोय, वाल्मीकनं खरं तर हसायला हवं होतं. त्याचं लक्ष भिंतीवर होतं. साहेब कोपऱ्यातून निघाले, दारावरून गेले, आणि खिडकीखाली थांबले.

"ही घ्या जागा. बहिऱ्यालाही कळेल. ही सोडून तुम्ही तिकडं कसा ठेवलात?"

उठता उठता त्यांनी वळून कोपऱ्याकडं पाहिलं. कोरा चौकोन, वर खिळा.

"तिथं काय होतं?" त्यांनी विचारलं. अगदी सहज, बोलायचं म्हणून.

वाल्मीक डेकच्या वायरी गोळा करू लागला. फोटो होता, एवढंच तर सांगायचं होतं. पण मग कुणाचा, हे आलंच. फोटोची लाज वाटतेय की फोटो काढल्याची, हे त्याचं त्यालाच कळेना. साहेब उत्तराची वाट बघत होते.

भागाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी लेकाचा चेहरा पाहिला. ट्रे टेबलावर ठेवला, पदर सावरला.

"कॅलेंडर होतं, सायेब," त्या म्हणाल्या. "जुनं झालं म्हून काढलं."