समोरच्याला हात

भुयारी गाड्या आपोआप धावू लागल्या, तेव्हा चालकाची केबिनच काढून टाकली. तिथे मोठी काच आली आणि प्रवाशांसाठी बाक. जुन्या चालकबाईंकडे आता गाडीत नुसतं लक्ष ठेवायचं काम उरलं. पण सवय कुठली जायला! समोरून गाडी आली की काचेशी उभ्या बाईंचा हात आपसूक वर जाई. त्यांना गाडी शिकवणारे मामा म्हणायचे, "समोरच्याला हात कर गं, नाहीतर गाडी रुसते."

गंमत म्हणजे, समोरूनही रोज हात वर होई.

आज बाईंनी रेडिओवर नियंत्रण कक्षाला विचारलंच, "अहो, आत्ता गेलेल्या गाडीत पुढे कोण उभं होतं?"

"कोणी नाही, ताई. ती रिकामीच डेपोत चाललीय."

बाईंचं कुतूहल चाळवलं. पुढच्या गाडीच्या वेळी त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. म्हटलं, बघू तरी.

समोरून दिवे आले. काचेआड हात वर झाला. बाई हलल्या नाहीत.

त्यांच्या गाडीचा वेग उतरला. समोरच्या गाडीचाही. दोघी भुयारात अगदी शेजारी, काचेजवळ काच येऊन थांबल्या. पलीकडे दिवा लख्ख होता. हात तेवढा वर होता. त्याच्याखाली कोणी नव्हतं.

"ताई, गाडी का थांबवलीत?" रेडिओ ओरडला.

"मी कशाला थांबवू? इथे थांबवायला आहे काय!"

बोलता बोलता बाईंनी पाठीमागचा उजवा हात सोडवला आणि हळूच वर केला.

दोन्ही गाड्या एकदम निघाल्या.