बापाचे पाय

पणजोबांनी या खाणीत पहिला लाकडी खांब उभा केला. आजोबांनी तसल्याच एका खांबाखाली, प्रभूचे नाव घेत, प्राण सोडला. बाप मात्र छत करकरताच जोडीदाराला खाली टाकून पळाला. त्या घराण्याचा हा चौथा पुरुष. जेवणापूर्वी हात जोडतो म्हणून खाणीत सारे त्याला पाद्रीबुवा म्हणत. आज ढासळलेल्या बोगद्यात, निसटू पाहणारा एक खांब तो पाठीने रेटून उभा होता.

त्याच्यापुढे सुरुंग लावणारा सुरुंग्या पडला होता, पाय दगडाखाली अडकलेला. बाप ज्याला टाकून पळाला, त्याचाच हा मुलगा.

ढिगाऱ्याच्या वरच्या अंगाला माणूस जेमतेम सरपटेल एवढी फट होती. पाद्रीबुवा मोकळा होता. दोन ढांगांत त्याला ती गाठता आली असती. पण खांब सुटला की सुरुंग्यावरचे छत बसणार, हे दोघांनाही ठाऊक होते.

“जा की,” पहारीने दगड उचकटत सुरुंग्या म्हणाला. “लाजतोस कशाला? तुमच्या घरची रीतच आहे ती.”

पाद्रीबुवाने पाठ खांबाला आणखी घट्ट लावली.

“का देवाची वाट बघतोयस? त्याला हा बोगदा सापडेल का पण? आपला मुकादमसुद्धा चुकतो इथं.”

“सापडेल. तू पहार चालव.”

मरणाची भीती पाद्रीबुवाला होतीच. त्याहून मोठी भीती पायांची होती. गुडघे आपल्या मनाने फटीकडे वळत होते. चाल थेट बापाची, असे आई कौतुकाने म्हणत असे. बापानेही त्या दिवशी प्रार्थना केली असेल, आणि तरीही पाय निघाले असतील. सुटका कर, असे मागायला तो धजेना. सुटकेची वाट समोर उघडीच होती. “प्रभू, एवढे पाय धरून ठेव,” इतकेच तो पुटपुटत राहिला.

छत पुन्हा करकरले. मानेवर माती सांडली. सुरुंग्याच्या आवाजातला तिखटपणा ओसरला.

“खरंच जाशील का रे?”

“नाही.”

“भीती नाही वाटत?”

“पाय बघ माझे.”

सुरुंग्याने डोक्यावरचा दिवा खाली वळवला. पाय लटलटत होते.

“मग कशाच्या जोरावर उभा आहेस?”

“क्रुसावरून उतरायला प्रभूला कोणी अडवलं होतं? तो उतरला नाही. सध्या मी तेवढंच डोळ्यांपुढे ठेवलंय.”

सुरुंग्याने सगळा भार पहारीवर टाकला. दगड कलला. रक्ताळलेला पाय ओढत तो पाद्रीबुवाला घासून पुढे सरकला, ढिगाऱ्यावर चढला आणि फटीत शिरला. त्याच्याबरोबर उजेडही गेला. पाद्रीबुवाचा दिवा केव्हाच फुटला होता.

आता अंधारात नुसते सरपटणे ऐकू येत होते. मग तेही थांबले. तो पलीकडे पोचला, की मध्येच अडकला? खांब आत्ताच सोडला तर छतामागोमाग फटही बसणार. आणि पोचला असेल, तर परत फिरून सांगायला तो कशाला येईल? टाकून जाण्याची पाळी आज त्याची होती. हक्कच होता तो. पाद्रीबुवाने डोळे मिटले. खांब पाठीत रुतत गेला. हाक मारावीशी वाटली, पण तेवढा श्वासही त्याने खांबाला दिला.

फटीच्या पलीकडे उजेड हलला. आधी एक मळका हात दिसला, मग सुरुंग्याचा चेहरा.

“मी बाहेर आहे,” तो म्हणाला. “तुझ्या बापाचं सगळं फिटलं. आता पळ.”