पिनेच्या पुढे

"बाबा, ती पिन काढा," लेक म्हणाली.

मिस्त्री जागच्या जागी थबकले. प्रयोगशाळेत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. करंट वाढवायच्या बटणाला ती पिन त्यांनीच बसवली होती, एकोणीस वर्षांपूर्वी. बटण तिथवरच फिरायचं. पडद्यावर प्रकाशाचा गोंधळ दिसला की थांबायचं, नाहीतर चिप जळते, हा त्यांचा नियम. आजवर त्यांच्या हातून एकही चिप जळली नव्हती, आणि हे ते नव्या माणसाला नाव विचारायच्या आधी सांगत.

टेबलावरची चिप लेकीची होती. तिच्यावर तिळाएवढी लेझरची कडी. त्या कडीत प्रकाश गोल गोल धावतो. दोन वर्षांत लेकीने अशा बारा केल्या, अकरा घडतानाच वाया गेल्या. ही जळली तर पदवीवर पाणी सोडावं लागणार होतं.

"आणि जळली तर?"

"तर रडेन. तुम्ही पिन काढा."

हट्ट बापाकडूनच आलेला, बोलणार कुणाला? त्यांनी पिन काढली.

लेकीने बटण फिरवलं. पडद्यावर रान माजावं तशा वेड्यावाकड्या रेघा उठल्या. पिनेची जागा मागे पडली. मिस्त्रींचा हात आपसूक बटणाकडे गेला, तो त्यांनी खिशात कोंबला.

आणखी केसभर.

आणि रान खाली बसलं. त्या जागी रेघा उभ्या राहिल्या, फणीच्या दातांसारख्या, अगदी सारख्या अंतरावर. हलायचं नाव नाही.

"कडीत आता एकच लाट फिरतेय," लेक हळूच म्हणाली. "पसरत नाही, विरत नाही. एकेक रेघ म्हणजे एकेक रंग, सगळे तिच्या चालीने चालतायत. कुणी लावून दिलं नाही, बाबा. त्या गोंधळातूनच आलं हे."

मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दात तसेच. उभ्या आयुष्यात त्यांनी इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. बसायचंही त्यांना सुचलं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी नोंदवही ओढली. एकोणीस वर्षं, चारशेवर चिपा, आणि प्रत्येक नोंदीचा शेवट त्यांच्याच नेटक्या अक्षरात: 'गोंधळ. थांबलो.' त्यांनी आजचा आकडा लिहिला. पिनेच्या आकड्याहून तीनने जास्त.

मग खाली लिहिलं, 'थोडंच पुढे होतं.'